६० हजारात कन्सोल का पीसी, आणि पैसे मोजून घेतलेलं मशीन शेवटी कोणाचं?

अनगोळकर

नमस्कार मंडळी. भाच्याची पीयूसी सेकंडची (म्हणजे बारावीची) परीक्षा संपली की त्याला गेम खेळायला मशीन घेऊन देतो असा शब्द देऊन बसलोय. बजेट ६०, ओढूनताणून ६५ हजार. घरात टीव्ही आहे, लाईट जाते-येते, नेट केबलवाल्याचं आहे ते बऱ्यापैकी चालतं. पीएस५ (सोनीचा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, म्हणजे कन्सोल) घेऊ का पीसी जोडून घेऊ? खरं मला नुसतं ग्राफिक्स कुठलं भारी एवढंच विचारायचं नाही, ते व्हिडिओत सगळेच सांगतात. मला विचारायचंय की या मोठ्या कंपन्यांवर भरवसा किती ठेवायचा.

का विचारतोय ते सांगतो. सात-आठ वर्षांमागं मी एक कन्सोल घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही. पगारातून वाचवून वाचवून चौदा गेम घेतले, सगळे डिजिटल, म्हटलं डिस्कचा पसारा नको. पुढं माझा जुना मोबाईल नंबर बंद झाला, अकाउंटला तोच जोडलेला, आणि एक दिवस लॉगिनच होईना. तीन आठवडे ईमेल केले, चॅट केलं, दरवेळी तेच ठरलेलं उत्तर. कन्सोलचा सीरियल नंबर मागितला, तो दिला. बिल मागितलं, ते बेळगावात खडेबाजारातल्या दुकानाचं, शाई उडून कोरं झालेलं. अकाउंट गेलं ते गेलंच. मशीन टेबलावर, पंखा फिरतोय, लाईट लागतोय, आणि मी विकत घेतलेल्या चौदातला एक गेम त्यावर चालत नाही. पैशाचं दुःख झालंच, खरं त्याहून जास्त हे लागलं की तीन आठवड्यात माझ्याशी बोलायला एक माणूस मिळाला नाही. आमच्या गल्लीतला किराणावाला सुद्धा हिशोब चुकला म्हटलं तर वही उघडून समोर धरतो की ओ.

आता तेच परत भाच्याच्या गळ्यात बांधायचं का, म्हणून विचारतोय. अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा.

निपाणीचा_वारा

बरं केलंसा दादा हा विषय काढलासा. माझं पण ऐका. आमच्या निपाणीपासनं कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५ च्या आसपास. माझा कन्सोल वॉरंटीत असताना बंद पडला, बटण दाबलं की टुक करतंय आणि गप्प. फोन लावला, पिनकोड सांगितला, तिकडनं उत्तर आलं की तुम्ही कर्नाटकात येता, मशीन बेंगळूरला पाठवायला लागेल. मी म्हटलं ओ मॅडम, कोल्हापूर माझ्या दारात हाय, सकाळच्या एसटीत बसलो तर तासा-सव्वातासात मी स्वतः मशीन मांडीवर घेऊन तुमच्या माणसापुढं हजर होतो. तर म्हणे सिस्टीममध्ये राज्य बदलता येत नाही. पाचशे किलोमीटरच्या पलीकडं मशीन गेलं, सव्वा महिन्यानं आलं, आलं ते माझं नव्हतंच, दुसरंच कुणाचं तरी दुरुस्त केलेलं, आणि माझे सेव्ह केलेले गेम सगळे गेले.

आपल्याला ह्या राज्याच्या सीमेच्या रेघेची जन्मापासनं सवय हाय. शाळेचं माध्यम असू दे, पोराचा कोटा असू दे, बसचा पास असू दे, रेघ आडवी येतीच. खरं टीव्हीला जोडायच्या डब्याला पण ती लागू असंल असं वाटलं नव्हतं. म्हणून माझा सल्ला, जे मशीन आपल्या गावात उघडता येतं तेच घ्या.

थर्डगेट_सोल्डर

मी टिळकवाडीत थर्ड गेटच्या बाजूला दुरुस्तीचं काम करतो. सुरुवात टीव्ही आणि डीव्हीडीपासून, मग मोबाईल, आता बरंच काम कंट्रोलर आणि कन्सोलचं. कोण चांगला कोण वाईट हे नंतर बघू, आधी नेमकं बिघडतं काय ते सांगतो.

सगळ्यात जास्त येतात ते कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचे, अंगठ्याच्या काडीवाले रिमोट. काडीला बोट लावलं नाही तरी गेममधला माणूस आपला एका बाजूला चालतच राहतो. ह्याला ड्रिफ्ट म्हणतात. त्या काडीखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, आपल्या जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचे तसलेच. कार्बनच्या पट्टीवरून धातूची पाती घासत जाते. पट्टी झिजली, धूळ बसली, की हात न लावता पण आकडा हलत राहतो. रेडिओचं बटण फिरवताना खरखर यायची आठवतं का, तीच खरखर इथं गेममधल्या माणसाला चालवते. आता ह्यावर इलाज नवा नाही हो. सेगाचा ड्रीमकास्ट १९९८ ला आला, त्याच्या कंट्रोलरच्या काडीत चुंबक आणि त्याची हालचाल लांबूनच ओळखणारा हॉल सेन्सर होता. तिथं काही घासतच नाही त्यामुळं झिजायचा प्रश्न नाही. एवढी वर्षं झाली, आणि आजही सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो तिघांच्याही नेहमीच्या कंट्रोलरमध्ये घासणारीच काडी बसते. २०२५ च्या जूनमध्ये निन्टेन्डोचा नवा स्विच २ आला, त्यात तरी बदलतील असं आम्हा दुरुस्तीवाल्यांना वाटत होतं, त्यात पण हॉल नाही. त्यांना इलाज माहीत नाही असं म्हणता येत नाही, माहीत असून न करणं ह्याचा मला राग येतो, कारण पाचशे-सातशे रुपये घालवून काडी बदलायला येणारा पोरगा बहुतेक वेळा कॉलेजचा असतो.

दुसरं, आपली हवा. जून ते सप्टेंबर बेळगावात काय पाऊस असतो ते सांगायला नको, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तीच ओल पॉवर सप्लायच्या बोर्डावर बसते. वर उन्हाळ्यात लाल धूळ. ह्या बाबतीत सोनीचं एक काम मला आवडलं, पीएस५ ची बाजूची प्लेट काढली की आत धूळ साठायला दोन भोकं मुद्दाम ठेवलीत, तिथं व्हॅक्यूमची नळी लावली की झालं, स्क्रू पण काढायला लागत नाही. खरं त्याच मशीनच्या मुख्य चिपवर साधी पेस्ट नसून लिक्विड मेटल आहे. थंड छान ठेवतं, पण ते वीज वाहून नेतं, चुकून बाजूच्या भागावर थेंब गेला तर बोर्ड संपला. यूट्यूब बघून घरी उघडू नका, कळकळीनं सांगतो.

आणि ते ‘काढल्यास वॉरंटी रद्द’ वालं स्टिकर. अमेरिकेत २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या एफटीसी ह्या ग्राहकांच्या हिताच्या सरकारी खात्यानं सहा कंपन्यांना पत्र पाठवून सांगितलं की असलं लिहिणं कायद्यात बसत नाही, त्यात सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो तिघं पण होते. आपल्याकडं २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल पण काढलं. पोर्टल आहे, खरं माझ्या टेबलावर अजून कुठल्या कन्सोल कंपनीचा अस्सल सुटा भाग आलेला नाही. जुन्या मेलेल्या मशीनमधून भाग काढून बसवतो, किंवा दिल्लीहून मागवतो.

कॅम्पवासी

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका. अनगोळकर, निपाणीकर, तुमचं दोघांचं जे झालं ते चुकीचंच झालं. पण त्यावरून सगळ्या कंपन्या चोर असं धरून चाललो तर पोराला काहीच घेता येणार नाही.

आकडे बघा. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० चा होता, नंतर ५४,९९० झाला. त्यात आठ कोरचा प्रोसेसर, १६ जीबी जीडीडीआर६ मेमरी, गेम साठवायला ८२५ जीबीची वेगवान एसएसडी, एक कंट्रोलर. तेवढ्या पैशात तसा पीसी जोडून दाखवा, केस आणि पॉवर सप्लाय धरून, विंडोजचं लायसन्स धरून. तेव्हाही जुळत नव्हता आणि आज तर अजिबात जुळत नाही. कन्सोलवर कंपनी फार कमावत नाही, गेमवर कमावते, म्हणून मशीन स्वस्त मिळतं. शिवाय २०२१ मध्येच त्यांनी आतला एम.२ स्लॉट, म्हणजे जादा एसएसडी लावायची खाच, सगळ्यांसाठी खुला केला, बाजारातली कुठलीही योग्य वेगाची एसएसडी आणा आणि स्वतः लावा.

चूक झाली की मोठी कंपनीच भरपाई करू शकते हा पण मुद्दा आहे. एक्सबॉक्स ३६० ला लाल गोल लागून मशीन बंद पडायचे, २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टनं त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षं केली आणि एक अब्ज डॉलरच्या वर खर्च अंगावर घेतला. छोटी कंपनी असती तर दुसऱ्या दिवशी शटर खाली. आणि त्याच ३६० च्या कितीतरी डिस्क आजच्या एक्सबॉक्स सीरीज एक्समध्ये घातल्या तर चालतात. जुन्या गिऱ्हाईकाला विसरले असते तर हे कशाला केलं असतं?

उद्यमबाग_शिफ्ट

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. खरं हा धागा वाचताना मला आमचाच कारखाना दिसायला लागला म्हणून लिहितोय.

आम्ही उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट टर्निंग करतो. वडिलांच्या काळातली लेथ अजून आहे, बिघडली तर गिअर इथंच कापतो, बुश इथंच बनवतो, फौंड्री चार गल्ल्या पलीकडं. तीस वर्षं चालतेय. आणि एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आहे, तिच्या कंट्रोलरला पासवर्ड आहे, तो बनवणाऱ्यांकडं. एकदा ऐन डिस्पॅचच्या आठवड्यात एक पॅरामीटर उडाला. आमचा फिटर बघून म्हणाला मालक, दोन मिनिटांचं काम आहे, पण आत जाता येत नाही. त्यांचा माणूस पुण्याहून येईपर्यंत चार दिवस मशीन उभी. माणूस आला, लॅपटॉप जोडला, खरंच दोन मिनिटांत काम झालं आणि जाण्यायेण्याच्या खर्चासकट बिल देऊन गेला. मशीनचे हप्ते मी भरतोय, जागा माझी, वीज माझी, माती झाली तर माझी, आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. तेव्हापासून नवीन मशीन घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की ही बंद पडली तर बेळगावात कोण उघडणार. कॅम्पवासी, तुमचे आकडे बरोबरच असतील, पण स्वस्त पडलं का महाग हे पाचव्या वर्षी कळतं, पहिल्या दिवशी नाही.

अनगोळकर

शिफ्टवाले काका, अगदी मनातलं लिहिलंत.

कॅम्पवासी, चावीवरून सांगतो. पीएस५ चं बारकं मॉडेल आलं ना, त्याची डिस्क ड्राईव्ह काढता-घालता येते. मला वाटलं चला, एक भाग तरी सुटा मिळाला. मग वाचलं तर ड्राईव्ह बसवल्यावर पहिल्यांदा नेट लावून कंपनीच्या सर्व्हरवर ती नोंदवायला लागते, त्याशिवाय चालत नाही. डिस्क माझी, ड्राईव्ह माझी, मशीन माझं, तरी विचारायचं कुणाला तर सर्व्हरला! आणि पीएस३ चं तर जगजाहीर आहे. त्यावर लिनक्स (विंडोजसारखी, पण फुकट सिस्टीम) टाकता येतं ही सोय कंपनीनंच दिली होती, आणि एप्रिल २०१० च्या ३.२१ अपडेटनं काढून टाकली. अपडेट घेतलं नाही तर ऑनलाइन खेळ बंद, घेतलं तर लिनक्स बंद. विकून झाल्यावर हे केलं. अमेरिकेत खटला झाला, पुढं तडजोड करून पैसे द्यावे लागले. लग्नात दिलेलं भांडं कोण सहा महिन्यांनी परत मागायला येतं का?

खानापूरची_लेक

सगळ्या दादा-काकांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यात आत जंगलाकडं राहते, शाळेत शिकवते, आणि गेली बारा वर्षं गेम खेळते. इथं बाईमाणूस गेम खेळते म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात कुठला, मग त्यांच्या पोरांना माझ्याकडं पाठवतात.

तुम्ही सगळे बेळगाव शहर धरून बोलताय. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट दोन-दोन दिवस नसते आणि मोबाईलचं टॉवर लाईटबरोबरच जातं. आता मोठे गेम १०० ते १५० जीबीचे, ते हॉटस्पॉटवर उतरवायचे म्हणजे महिन्याचा डेटा आणि रात्रीची झोप दोन्ही गेलं. डिस्क घेतली तर कित्येकदा डिस्कवर अर्धाच गेम, बाकी अपडेटमधून. म्हणून माझ्यासाठी पहिला प्रश्न हार्डवेअरचा नाहीच, पहिला प्रश्न हा की नेट नसताना हे चालू होतं का. पीएस४ चं एक प्रकरण कित्येकांना माहीत नसेल. आतली घड्याळाची बारकी बॅटरी संपली आणि कंपनीचं नेटवर्क मिळालं नाही तर गेम चालूच होत नव्हते, डिस्कवरचे पण नाही. लोकांनी शोधून काढून बोंब मारली तेव्हा २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ९.०० अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त केलं. लोक बोलले नसते तर वीस रुपयांच्या सेलनं लाखो मशीन दगड झाले असते.

मी काय करते ते सांगते. माझा लॅपटॉप जुना आहे, त्यावर लिनक्स टाकलंय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर पाहिजे, त्यामुळं घराघरातले धडधाकट लॅपटॉप एका तारखेला म्हातारे ठरले. लिनक्सवर वाल्वचं (स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी कंपनी) प्रोटॉन आहे, त्यातून विंडोजचे बरेचसे गेम चालतात. आणि मी गेम शक्यतो जीओजी ह्या ऑनलाइन दुकानावरून घेते. तिथं इन्स्टॉल करायची फाईल आपल्याला मिळते. सुट्टीत बेळगावला भावाकडं गेले की त्याच्या नेटवर उतरवते, हार्ड डिस्कवर ठेवते, गावी आणून टाकते. कुणाला विचारायला लागत नाही. पाऊस धो धो पडतोय, लाईट नाही, लॅपटॉपला दोन तास चार्ज आहे आणि माझा गेम चालतोय, ह्याचं सुख शहरातल्या माणसाला नाही कळायचं.

निपाणीचा_वारा

अक्का, लई भारी लिहिलंय. हार्ड डिस्कवरनं आणायचं म्हणजे आमच्या लहानपणी पेनड्राईव्ह घेऊन सायकलवरनं ह्या गल्लीतनं त्या गल्लीत फिरायचो तेच की. त्याच्या आधी ती पिवळी कॅसेट, फुंकर मारून घालायची, पाच पोरात एक, दुपारी एकाच्या घरी आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या. कॅसेट दिली म्हणजे गेम दिला, एवढंच साधं होतं.

मच्छे_रोड

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे, पीसीवाला आहे, मला पण बोलायचंय. सगळे कन्सोलवर घसरलेत पण पीसीच्या बाजूला पण साव कोणी नाही हे अनगोळकर काकांना आधीच कळलेलं बरं.

ग्राफिक्स कार्ड बघा. एन्व्हिडियाचं आरटीएक्स ४०६० आलं २०२३ मध्ये, ८ जीबी मेमरी, २९९ डॉलर. २०२५ ला ५०६०, परत ८ जीबी, परत २९९. जीटीएक्स १०७० ला २०१६ मध्ये ८ जीबीच होती! आणि मधे २०२१ च्या ३०६० ला १२ दिली होती, म्हणजे देता येत नाही असं नाही. इंटेलनं डिसेंबर २०२४ ला बी५८० काढलं, २४९ डॉलरला १२ जीबी. ८ जीबीवर आत्ताच काही नवे गेम अडखळतात, दोन वर्षांनी पोरगा परत कार्ड मागणार. आणि ही पहिली वेळ नाही, जीटीएक्स ९७० वर ४ जीबी लिहिलेलं, त्यातली शेवटची अर्धा जीबी एकदम हळू होती, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या गिऱ्हाईकांना तडजोडीत ३० डॉलर देऊ केले. आपल्याकडच्यांना काय?

असं का करतात त्याचं उत्तर त्यांच्याच हिशोबात आहे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एन्व्हिडियाची एकूण विक्री १३०.५ अब्ज डॉलर, त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे, गेमिंगचे जेमतेम ११ अब्ज आणि काहीतरी. म्हणजे शंभर रुपयाच्या धंद्यात आपण सगळे गेम खेळणारे मिळून नऊ रुपये पण नाही. वीस वर्षं ज्या पोरांनी पॉकेटमनी साठवून कार्डं घेतली त्यांच्या जिवावर ही कंपनी उभी राहिली, आता आपण त्यांना दिसत सुद्धा नाही.

रॅमचं तर विचारूच नका. एआयच्या डेटा सेंटरला मेमरी पाहिजे म्हणून कारखाने तिकडं वळले, २०२५ च्या दिवाळीपासून भाव दुपटीच्या वर गेले. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं जाहीर केलं की क्रुशियल हा त्यांचा साध्या गिऱ्हाईकांचा ब्रँडच बंद करणार. २९ वर्षांचा ब्रँड. मी माझ्या पहिल्या पीसीला त्याचीच रॅम घातली होती, फार वाईट वाटलं वाचून. गणपत गल्लीच्या दुकानदाराकडं मागच्या आठवड्यात कोटेशन घ्यायला गेलो तर म्हणाला आज सांगतो तो भाव फक्त आजचा, उद्या विचारू नकोस.

कॅम्पवासी

मच्छे रोड, अगदी बरोबर, आणि हाच तर माझा मुद्दा आहे, आज पीसी जोडायचा काळ नाही.

पण तुम्ही सगळे ‘कंपनी ऐकतच नाही’ म्हणताय ते पटत नाही. २०१३ आठवा. एक्सबॉक्स वन जाहीर करताना मायक्रोसॉफ्टनं सांगितलं होतं की मशीनला दिवसातून एकदा तरी नेट लागेल आणि जुने गेम दुसऱ्याला देण्यावर बंधनं येतील. लोकांनी असा दणका दिला की त्याच जूनमध्ये सगळं मागं घेतलं, मशीन विकायला यायच्या आधी. सोनीनं २०२१ च्या मार्चमध्ये पीएस३ आणि हातात धरून खेळायच्या व्हिटाचं स्टोअर बंद करणार म्हटलं, एप्रिलमध्ये मागं घेतलं. गूगलनं स्टेडिया ही नेटवरून गेम खेळायची सेवा १८ जानेवारी २०२३ ला बंद केली तेव्हा घेतलेल्या गेमचे आणि हार्डवेअरचे पैसे परत केले, कंट्रोलर ब्लूटूथवर चालावा म्हणून अपडेट पण दिलं. म्हणजे बाजारात ओरडलं की ऐकू जातं. मला वाटतं आपण गिऱ्हाईक म्हणून कमी पडतो, तक्रार करत नाही, चरफडत बसतो.

खानापूरची_लेक

कॅम्पवासी दादा, ओरडलं तर ऐकतात हे खरं, पण सगळ्यांनी एकदम ओरडावं लागतं आणि ते दरवेळी जमत नाही. युबीसॉफ्टचा द क्रू नावाचा गाड्यांचा गेम, २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला आणि एकट्यानं खेळायचा भाग पण त्याच्याबरोबर गेला, डिस्क घेतलेल्यांचा सुद्धा. त्यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू झाली, युरोपात जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. दहा लाख माणसं, का तर विकत घेतलेली वस्तू विकणाऱ्यानं मारू नये. एवढी साधी गोष्ट मागायला दहा लाख सह्या लागाव्यात ह्याचंच मला वाईट वाटतं.

आणि अनगोळकर दादांच्या बाबतीत ओरडायला ते एकटेच होते. एकट्याचं कोण ऐकतं?

मच्छे_रोड

+१ ताई.

वाल्वबद्दल पण बोलतो कारण आमच्यात त्याला देव मानतात. त्यांचं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं मशीन फेब्रुवारी २०२२ पासून मिळायला लागलं, सुटे भाग आयफिक्सिट ह्या दुरुस्तीच्या साईटवर विकायला ठेवले, आतून कसं उघडायचं त्याचा व्हिडिओ स्वतः कंपनीनं काढला. हे मला फार आवडतं. पण भारतात ते अधिकृत मिळत नाही, बाहेरून आलेलं घ्यायचं म्हणजे वॉरंटी देवावर. आणि स्टीमवर पण आपण गेम घेत नाही, लायसन्स घेतो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पैसे भरायच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तेही कॅलिफोर्नियात कायदा झाला म्हणून. ऑस्ट्रेलियात रिफंडच्या प्रकरणात वाल्वला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झालाय. म्हणजे जिथं कायद्यानं कान धरला तिथंच सरळ. आपल्याकडं पण २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्पर्धा आयोगानं प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून गूगलला ९३६ कोटींचा दंड लावला होता की.

उद्यमबाग_शिफ्ट

हा मुलगा बरोबर बोलतोय. कंपनी चांगली का वाईट हे विचारण्यात अर्थ नाही, तिला बांधून ठेवणारा दोर कुठला आहे ते बघायचं. कायदा हा एक, आणि दुसरा आपल्या हातातला पाना.

थर्डगेट_सोल्डर

काका, पाना आहे, भाग नाहीत. असो. अनगोळकरांचा मूळ प्रश्न राहिलाच, त्यांना काहीतरी हातात द्यायला पाहिजे. मी माझ्या टेबलावरून जे दिसतं ते सांगतो, मान्य करा नाहीतर सोडा.

भाच्याला नेमके कुठले गेम खेळायचेत ते आधी विचारा. मोठे गोष्टीवाले गेम टीव्हीवर खेळणार असेल तर पीएस५, पण डिस्कवालाच. डिस्क संपली की मित्राला देता येते, विकता येते, आणि अकाउंट गेलं तरी डिस्क कपाटात राहते. जोडीला स्टॅबिलायझर किंवा छोटा यूपीएस घ्याच, पाच हजार जातील. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी मशीन चालू ठेवा, त्याची गरमीच ओल काढते. कपाटात कोंडू नका. अकाउंटला दोन ईमेल, चालू नंबर, रिकव्हरीचे कोड कागदावर लिहून बिलासोबत ठेवा, आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, शाई सहा महिन्यांत उडते.

पीसी घ्यायचाच असेल तर आज नवा जोडू नका. इंजिनिअरिंगची पोरं शेवटच्या वर्षानंतर विकतात तो जुना पीसी बघा, रॅम त्यातच येते. कार्ड घेताना उघडून बघा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम ह्या डिजिटल चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं माइनिंग (खाणकाम) बंद झालं तेव्हा खाणीत राबवलेली कार्डं बाजारात उतरली, त्यातली अजून हात बदलत फिरतात. पंख्याचा आवाज, थर्मल पॅडमधून सुटलेलं तेल, स्क्रूवरचे ओरखडे हे बघायचं. अर्धा तास लोड देऊन बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

अनगोळकर

सोल्डरभाऊ, तुमचं वाचून काल भाच्याला घरी बोलावलं आणि सरळ विचारलं. आम्ही इथं चार दिवस भांडतोय आणि त्याचं उत्तर एका वाक्यात, मामा, माझे सगळे मित्र व्हॅलोरंट खेळतात. ते सगळे हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम पीसीवर माऊसनं खेळतात, आणि तो खानापूरच्या ताईंनी सांगितलेल्या लिनक्सवर चालत नाही, त्याचं अँटीचीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या पार मुळाशी जाऊन बसतं. पुढं म्हणाला सीईटीत नंबर लागला तर पीसी अभ्यासाला पण होईल. हे त्यानं मला पटवायला म्हटलं असेल, तरी खोटं नाही.

मग मी त्याला माझ्या त्या चौदा गेमची गोष्ट सांगितली. आजवर कधी सांगितली नव्हती. त्यानं विचारलं ते मशीन अजून आहे का. आहे, माळ्यावर, कापडात गुंडाळून, टाकवत नाही. म्हणाला डिस्क घालून बघितली का कधी? मी म्हटलं माझ्याकडं डिस्क एक पण नव्हती. तो तडक मित्राच्या घरी गेला, एक जुनी डिस्क घेऊन आला. मशीन लावलं, नवीन अकाउंट काढलं नाही, काही नाही, नुसती डिस्क घातली. ड्राईव्ह करकर करून डिस्क बाहेर टाकतेय, परत घातली की परत बाहेर.

मच्छे रोड, तुझ्या कॉलेजात कोण शेवटच्या वर्षाचा पीसी विकणार असेल तर मला इथंच सांग, कार्ड बघायला सोल्डरभाऊंना घेऊन येतो. आणि सोल्डरभाऊ, ती ड्राईव्ह बघता का? रविवारी सकाळी मशीन आणि भाचा दोघांना घेऊन थर्ड गेटला येतो.

थर्डगेट_सोल्डर

या की. दहानंतर या, रविवारी शटर अर्धं असतं, आवाज द्या. बहुतेक लेन्सवर धूळ नाहीतर डिस्क ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झालाय. एक मेलेलं मशीन पडून आहे माझ्याकडं, जमलं तर त्याचा रोलर बसवू. भाच्याला म्हणावं उघडायचं त्यानं, मी शेजारी बसतो.